भंडारा देवळातच राहिला

माझ्या लहानपणी गावातल्या सगळ्यांचा झेंडू बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत जायचा, आमचा डोक्यावरून जायचा. आमच्याकडे बैल होते, गाडीही होती. वाट नव्हती.

गाव नाशिकहून दिंडोरीकडे जाताना आत लागतं. आम्ही फुलवाले. झेंडू, शेवंती, बिजली, आणि बांधाच्या कडेला घरापुरती मेथी-कोथिंबीर. आमच्या शेतात जायची वाट वरच्या आळीतल्या आप्पांच्या द्राक्षबागेच्या कडेने जायची. आप्पा म्हणजे गावातले एक पुढारी. दुसरे पुढारी खालच्या आळीतले भाऊ. ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणजे या दोघांची निवडणूक. उमेदवार कोणीही असो, गाव विचारायचं, "तू आप्पाचा का भाऊचा?"

निवडणूक लागली की दोन्ही आळ्यांची माणसं खंडोबाच्या देवळातून पितळी ताटात बेल आणि भंडारा घेऊन घरोघर फिरायची. घरातल्या कर्त्या माणसाने चिमूटभर भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, "माझं मत तुम्हाला." एकदा उचलला की मत पेटीत पडायच्या आधीच पडलेलं असायचं. उचललेली चिमूट लोक कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवायचे. देवाशी कोण खोटं बोलणार?

नव्वदच्या दशकातल्या एका निवडणुकीत खालच्या आळीचं ताट आमच्या दारात आधी आलं. नाना, म्हणजे माझे वडील, यांनी भंडारा उचलला. मग आप्पांचं ताट आलं तेव्हा ते सरळ म्हणाले, "माझा उचलून झालाय. आता नाय उचलता येणार." गावात दोन्हीकडचा उचलणारे लय होते. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं म्हणून उचलायचे आणि मग मनातल्या मनात देवाशी मिटवून घ्यायचे. नानांना ते जमलं नाही. भाऊंची माणसं पडली. गुलाल उधळून झाला, दोन्ही आळ्यांत काठ्या निघाल्या, दोघातिघांची डोकी फुटली. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फुलं तोडायला निघालो, तर वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. मोठ्या माणसाच्या कमरेइतका ढीग.

मग आम्ही ओढ्यातून जायला लागलो. उन्हाळ्यात दगडांतून, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून. आई पुढे, डोक्यावर मोठी पाटी. मी मागे, डोक्यावर लहान पाटी आणि पाठीला दप्तर. दसऱ्याच्या तोंडावर ओढा अजून वाहता असायचा. पाय घसरला की पाटी पाण्यात. फुलबाजारातला व्यापारी आमचं ओलं फूल बोटांत धरून पिळायचा आणि आईला म्हणायचा, "मावशी, हे फूल हाय का फडकं?" आई हसायची. घरी आल्यावर मान शेकत बसायची.

नाना भाऊंकडे गेले होते. ज्यांच्यासाठी हे झालं त्यांनीच काहीतरी करावं, असा त्यांचा हिशेब. भाऊ म्हणाले, "पुढच्या खेपेला आपली सत्ता आली की बघू." त्या दिवशी घरी येऊन नानांनी देव्हाऱ्यातली पुडी हातात घेतली आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "खंडेराया, मी पुन्हा मताला जाणार नाय." पुडी परत ठेवली आणि जेवायला बसले.

त्याआधी मतदानाच्या दिवशी नाना धुतलेली टोपी घालून रांगेत पहिले असायचे. त्यानंतर मतदानाचा दिवस आला की खुरपं घेऊन शेतात. आई एकदा म्हणाली, "तुमच्या रागाचं मत पडतं तरी कोणाला?"

"कोणालाच नाय. तेच पाहिजे."

"मग वाट तशीच राहणार."

"ऱ्हाऊ दे."

नाना रागावलेले असले की जेवण कमी करायचे, पण मताच्या बाबतीत ते रागावलेले दिसत नसत. लाजलेले दिसत. आपल्या शब्दापायी बायकोची मान दुखते, याचं ते असावं. आईला हे माहीत होतं. म्हणून ती मान शेकायला नाना घरात नसताना बसायची.

मी बारावीनंतर नाशिकच्या कॉलेजात गेले. पहिल्या एसटीने फुलं घेऊन पंचवटीत उतरायचं, फुलबाजारात पाटी टाकायची, हात धुवायचे आणि तासाला बसायचं. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या वहीला शेवंतीचा वास येतो. येऊ दे. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवून ठेवायचं काही कारण नाही. पदवीचा काळा डगला घालून काढलेला माझा फोटो नानांनी देव्हाऱ्याशेजारी लावला. म्हणजे फोटो आणि ती भंडाऱ्याची पुडी, हातभर अंतरावर.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटी आमच्या भागात एक सामुदायिक रेडिओ सुरू झाला. एका शिक्षणसंस्थेच्या आवारात दोन खोल्या आणि वर एक मनोरा, आवाज आसपासच्या गावांपुरता. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या होत्या, त्यातली एक आमच्या आईची. मला तिथे काम मिळालं. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, खोलीत बसून कापायचं-जोडायचं. केंद्र चालवणाऱ्या मॅडम शिस्तीच्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपल्याला बातम्या द्यायची परवानगी नाही. राजकारण नाही, प्रचार नाही. लोकांच्या उपयोगाचं बोलायचं." आम्ही करप्यावर बोलायचो, लसीकरणावर बोलायचो, बायकांची गाणी लावायचो. फुलं तोडताना, गजरे ओवताना लोक ऐकायचे. नानांनी एक लहान रेडिओ घेतला होता, तो ते आंब्याच्या फांदीला टांगायचे.

मग ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. मॅडमनी तहसील कचेरीत जाऊन विचारून घेतलं आणि ठरवलं की मत कसं द्यायचं, एवढंच सांगायचं. ना कोणाचं नाव, ना चिन्ह. गावात फिरल्यावर मला कळलं की लोकांना मत कसं द्यायचं ते चांगलं माहीत आहे. त्यांची धास्ती वेगळीच होती. मतदानाचं मशीन नवीन होतं. बटणं दाबून झाली की ते लांब शिट्टी वाजवतं. आणि कोणीतरी कंडी पिकवली होती की प्रत्येक बटणाची शिट्टी वेगळी असते, बाहेर बसलेल्या माणसाला ती ऐकून कळतं.

मी मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग ऐकवू या की." कचेरीतले एक साहेब मशीन दाखवायला गावात आले होते, त्यांना विनंती केली. त्यांनी दर वेळी वेगवेगळी बटणं दाबली, मी शिट्टी टिपली. संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्ही त्या शिट्ट्या एकामागून एक लावल्या आणि विचारलं, सांगा, यातली वेगळी कुठली? कोणालाच सांगता आलं नाही, कारण वेगळी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत जाताना तोंडाने शिट्टी वाजवत होती.

मला वाटलं, झालं काम. आमच्या ओट्यावर बायका गजरे ओवत बसल्या होत्या. शेजारची काकू म्हणाली, "शिट्टीचं कळलं गं. पण भंडारा उचललाय त्याचं काय? आप्पाला शिट्टीतलं कळत नसंल, खंडोबाला तर कळतं ना?"

बायका हसल्या. पण काकू हसली नाही. तिच्या नवऱ्याने या खेपेला दोन्ही आळ्यांचा उचलला होता.

मी तो प्रश्न घेऊन कचेरीतल्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "कायद्याने मत गुप्त आहे. देवाचं मला विचारू नका." घरी आईला सांगितलं, तर ती भाकरी थापताना म्हणाली, "भंडारा देतो कोण? गुरवबाबा. मग त्यालाच इचार की."

हे मला सुचलं नव्हतं. मॅडमना विचारलं, त्या जा म्हणाल्या. वर एक अट घातली. "तुझं गाव आहे, तुझं घर आहे. तू स्वतःचं काही बोलायचं नाहीस. प्रश्न काकूचा विचार आणि माईक धर."

गुरवबाबा देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत होते. खंडोबाची पूजा त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या. मी काकूचा प्रश्न विचारला. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, माझ्याकडे बघितलं, हातातल्या रेकॉर्डरकडे बघितलं.

"चालू हाय का ते?"

"हाय, बाबा."

"बंद कर."

बंद केलं. बाबांनी आजूबाजूला कोणी नाही ना, ते बघून घेतलं. मग म्हणाले, "दोन्ही आळ्यांचे नारळ खाऊन माझे दात गेले, पोरी. सकाळी त्यांना भंडारा द्यायचा, संध्याकाळी यांना. ताट तेच. घरं तीच. माणसं तीच. देवाने ऐकायचं तरी कोणाचं?"

"हे बोला ना, बाबा."

"मारतील मला."

"दोघंही मारतील का?"

बाबांना हसू आलं. "दोघं एकत्र आले तर बरंच होईल की. घे, चालू कर."

आणि ते बोलले. ते मला आजही पाठ आहे, कारण मी ते पुन्हापुन्हा ऐकलं. "भंडारा कपाळाला लावायचा असतो. मत मागायला न्यायचा नसतो. माझ्या बापाने दिला, मी पण दिला, आता नाय देणार. इथून पुढं देवळाबाहेर जाणार नाय. आणि ज्याने कोणी उचललाय, कधीचा पण असो, त्याने इथं येऊन देवापुढं ठेवून द्यावा. देव परत घेतो. शब्द पण परत घेतो."

मॅडमनी ते ऐकलं आणि लगेच लावायचं नाही म्हणाल्या. आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याला आधी ऐकवायचं, तेही सगळ्यांसमोर, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मला अंधारात ठेवलं. एरवी आम्ही बचतगटाला ऐकवायचो, नाहीतर शाळेला. या वेळी दोन्ही आळ्यांना बोलावलं. देवळापुढच्या पटांगणात, दिवसाढवळ्या.

आप्पा एका बाजूला बसले, भाऊ दुसऱ्या. त्यांची माणसं त्यांच्यामागे. बायका कट्ट्याजवळ. नाना येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते पिंपळाला टेकून उभे होते. गुरवबाबा गाभाऱ्यातून बाहेर आले नाहीत.

टेप संपली. दोन्हीकडे चुळबुळ. आधी भाऊ बोलले, "हे वरच्या आळीने सांगायला लावलंय. आमच्याकडं जास्त घरांनी उचललाय ना."

"तुमच्याकडं?" आप्पा म्हणाले. "अहो, अर्ध्यापेक्षा जास्त घरं आमची हायेत. हे तुमचंच काम."

"कोणची घरं, बोला."

आप्पांनी घरं सांगायला सुरुवात केली. भाऊ ऐकत होते. तिसऱ्या-चौथ्या घराला ते म्हणाले, "अहो, त्याने तर माझ्यासमोर उचललाय." पुढच्या घराला पण तेच. मग काकूच्या घराचं नाव आलं, तेव्हा काकूचा नवरा हळूच उठून चपला शोधायला लागला आणि सगळं पटांगण हसायला लागलं. आप्पा पण हसले, भाऊ पण. दोघांनाही कळलं की आपल्या खिशात जे आहे तेच दुसऱ्याच्या खिशात आहे.

"मग ठेवा म्हणावं परत," आप्पा म्हणाले. "पण यांनी पण ठेवायला लावला पाहिजे."

"तुम्ही आधी."

"एकदम."

आता मॅडम बोलल्या. त्यांनी विचारलं, निवडणुकीनंतर भांडण होणार नाही, कोणाचं पाणी किंवा वाट बंद होणार नाही, एवढं एक वाक्य दोघं रेडिओवर बोलाल का? नाव सांगायचं नाही. भाऊ म्हणाले, "नाव कशाला सांगायला पाहिजे? आप्पा खोकले तरी गाव ओळखतं." पण तयार झाले. आधी भाऊंनी सांगितलं. मग मी माईक आप्पांपुढे धरला. ते घसा साफ करून म्हणाले, "कोणी पण निवडून येवो, गावात कोणाची वाट बंद होणार नाय."

"आणि आधीच बंद हाय, तिचं काय?"

पिंपळाखालून आवाज आला होता. नानांचा. माझा हात आप्पांपुढेच होता. माईक कुठे धरायचा ते मला कळेना. मॅडमनी डोळ्यांनी खूण केली आणि मी तो नानांच्या दिशेला फिरवला. माझ्याकडे न बघता नाना पुढे आले.

"कोणाची वाट?" आप्पा म्हणाले. त्यांना माहीत होतं.

"माझी. तुमच्या बागेच्या कडेची. काट्या हायेत तिच्यावर."

"काट्या कोणी टाकल्या मला काय माहीत."

"मी कोणी टाकल्या इचारत नाय. कोण काढणार ते इचारतोय."

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला म्हणाले, "मशीन चालू हाय का पोरी?"

"हाय, आप्पा."

मला वाटलं, आता बंद कर म्हणतील. ते म्हणाले, "मग हे पण घे त्याच्यात. उद्या माझे गडी काट्या काढतील."

नाना म्हणाले, "त्याच्या बदल्यात मत नाय मागायचं."

"मागू कशावर?" आप्पा म्हणाले. "भंडाराच नाय राहिला."

पुन्हा हसू. या वेळी गाभाऱ्यातून पण आलं.

काट्या खरोखर निघाल्या. गडी आले तेव्हा आप्पा स्वतः बांधावर उभे होते, आणि नाना त्यांच्या शेजारी, एकमेकांशी द्राक्षाच्या छाटणीबद्दल बोलत. इतक्या वर्षांत खालच्या काट्यांची माती झाली होती, वरच्या नवीन होत्या. म्हणजे कोणीतरी दर वर्षी भर घालत होतं. दोघं छाटणीबद्दलच बोलत राहिले.

टेप लागली त्या संध्याकाळी नाना आंब्याखाली उभे राहून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "माझा आवाज एवढा बारीक हाय?" आई म्हणाली, "बारीक नाय, जुना झालाय. ठेवून दिला होता ना."

मग देवळात रांग लागली. लोक पुड्या घेऊन यायचे, गुरवबाबा पुडी उघडून भंडारा देवापुढच्या परातीत टाकायचे आणि त्याच परातीतला थोडा माणसाच्या कपाळाला लावायचे. काकूच्या नवऱ्याने दोन पुड्या आणल्या, तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी कोणची कोणाची ते तरी माहीत हाय का?" तो म्हणाला, "नाय, बाबा. म्हणून तर दोन्ही आणल्या."

नाना रांगेत गेले नाहीत. आई रोज त्यांच्याकडे बघायची, पण बोलायची नाही. मी पण बोलले नाही. माईक धरायचा आणि गप्प बसायचं, हे मला आता जमायला लागलं होतं. वाट उघडली होती, पण पुडी माझ्या फोटोशेजारी तशीच होती.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी रेडिओ केंद्रावर जायला निघाले. त्या दिवशी आम्ही फक्त मतदानाची वेळ, सोबत काय न्यायचं आणि म्हाताऱ्यांना रांगेत पुढे सोडा एवढंच सांगत होतो, आणि मध्ये गाणी. देव्हाऱ्यापुढे नाना उभे होते. डोक्यावर धुतलेली टोपी. त्यांनी पुडी उचलली. इतक्या वर्षांनी कागद पिवळा पडला होता, का भंडाऱ्याने पिवळा झाला होता, कोण जाणे.

मी म्हणाले, "नाना, मी येऊ देवळापर्यंत?"

"तुला कामाला उशीर होईल. रेडिओ चालू ठेव."

म्हणून देवळात काय झालं ते मला आईने सांगितलं. गुरवबाबांनी पुडी उघडली तर आतला भंडारा कागदाला चिकटून गेला होता. बाबांनी नखाने खरवडून तो परातीत पाडला आणि म्हणाले, "लय दिवस सांभाळलास." नानांनी कपाळ पुढे केलं. मग दोघं, आई आणि नाना, शाळेकडे चालत गेले. रांगेत नाना पहिले नव्हते, पण टोपी सगळ्यांत स्वच्छ होती असं आईचं म्हणणं. आतून शिट्टी वाजली. बाहेर भाऊंचा एक माणूस बसला होता, तो म्हणाला, "वाजली बघा, सगळ्यांसारखीच वाजली."

निकाल आम्ही रेडिओवर सांगितला नाही. तो आमचा अधिकार नव्हता. लोकांनी तहसीलला जाऊन मोजणी ऐकली, थोडे आप्पांचे आले, थोडे भाऊंचे. गुलाल उडाला. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे शेवंतीवरच्या माव्याची माहिती लावली आणि आईने ओट्यावर बसून ती ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आमचा झेंडू बैलगाडीतून रस्त्यापर्यंत गेला. त्या निवडणुकीत आमच्या गावात कोणी काठी उचलली नाही, कोणाची वाट बंद झाली नाही, आणि माझ्या वडिलांनी मत दिलं. कोणाला दिलं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.